'ऑरेंज'मधला 'न' कुठे गळाला? नारिंगी शब्दाचा दक्षिण भारत ते इंग्लंड प्रवास

साडीच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, "ऑरेंज कलरमध्ये दाखवा ना." मालक आत आवाज देतो, "अरे, ती नारिंगी काढ रे." एकाने इंग्रजी शब्द वापरला आणि दुसऱ्याने मराठी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दोघांनी एकच शब्द उच्चारलेला असतो. फक्त एकाचा शब्द थेट आपल्याच मातीतून आलाय आणि दुसऱ्याचा इराण, अरबस्तान, इटली, फ्रान्स असा फेरा मारून, वाटेत एक अक्षर हरवून परत आलाय.

या शब्दावर दर काही महिन्यांनी एखादं रील किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्ड फिरतं. कधी त्यात हत्ती असतो, कधी इंग्रजांची चूक असते, तर कधी 'बघा, सगळं आपल्याकडूनच गेलंय' असा अभिमान असतो. खालच्या कमेंट्समध्ये मग संस्कृतवाले आणि तमिळवाले भिडतात. या सगळ्यात थोडं थोडं खरं आहे. पण कुठपर्यंत खरं आणि कुठून पुढे रंगवलेलं, हे जाणून घ्यायचं तर शब्दाच्या मागेमागे चालत जावं लागतं.

फळ आधी की रंग आधी?

या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. फळ आधी.

इंग्रजीत 'ऑरेंज' हा शब्द फळासाठी साधारण 1400 च्या आसपास रुळला. रंगासाठी तो वापरल्याच्या नोंदी मिळतात त्या 16व्या शतकाच्या सुरुवातीपासून. म्हणजे मधली शंभरेक वर्षं इंग्रजांकडे फळाचं नाव होतं, पण त्या रंगाला स्वतःचं नाव नव्हतं.

मग तोवर ते काय म्हणायचे? जुन्या इंग्रजीत 'पिवळा-तांबडा' अशा अर्थाचा एक जोडशब्द होता. 14व्या शतकातल्या चॉसर या कवीलाही कोल्ह्याचा रंग सांगताना पिवळा आणि तांबडा या दोन रंगांच्या मधला, असंच सांगावं लागलं. बहुतेक वेळा तर थेट 'रेड' म्हणून काम भागवलं जाई. रॉबिन या पक्ष्याची छाती स्वच्छ नारिंगी असते, तरी त्याचं जुनं नाव 'रेडब्रेस्ट', म्हणजे लाल छातीचा. नारिंगी केसांच्या माणसाला आजही 'रेडहेड' म्हणतात. ही नावं पडली तेव्हा 'ऑरेंज' हा रंग इंग्रजीत जन्मालाच यायचा होता.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मराठीतल्या रंगांची नावं पाहा. जांभळा, डाळिंबी, आमसुली, गुलाबी, केशरी, राखाडी. खुद्द 'तांबडा' हा शब्दही तांब्यावरून आलाय. आधी वस्तू हाताशी येते, मग तिचं नाव रंगाला चिकटतं.

हत्तीच्या पोटात गोंधळ

आता फॉरवर्डमधली हत्तीची गोष्ट. एका हत्तीला जंगलात एक अनोळखी झाड सापडलं. त्याने इतकी फळं खाल्ली की तो पोट फुटून मेला. बऱ्याच वर्षांनी त्या जागी फळांनी लगडलेली झाडं उगवली. ती पाहून एक वाटसरू उद्गारला, हा तर 'नाग-रंग', म्हणजे हत्तीचं जीवघेणं अजीर्ण!

गोष्ट झकास आहे. शब्दाची फोड मात्र चुकीची आहे. संस्कृतमध्ये 'नाग' म्हणजे साप तसाच हत्तीसुद्धा, इथवर ठीक. पण 'रंग' म्हणजे अजीर्ण, हे कोणत्या संस्कृतात? एखाद्या शब्दाचा मूळ अर्थ विसरला गेला की लोक त्याचे ओळखीचे तुकडे पाडतात आणि त्या तुकड्यांना शोभेल अशी गोष्ट रचतात. भाषेचे अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. आपल्या गावांच्या नावांमागच्या निम्म्या कथा अशाच जन्मलेल्या असतात.

यात गंमत अशी की 'नागरंग' हा शब्द जुन्या ग्रंथांत खरोखर आहे. चरकसंहितेत फळांचे गुणधर्म सांगताना नागरंग येतं. ते गोड आणि किंचित आंबट, जेवणाला रुची आणणारं, पण पचायला जड असं तिथे म्हटलंय. पचायला जड असल्याचा शेरा चरकाने माणसांसाठी दिला होता. हत्तीचा त्यात काही संबंध नाही.

संस्कृतमध्ये 'नागरंग'च्या जोडीला 'नारंग' असाही शब्द आहे. मराठीतलं नारिंग आणि हिंदीतलं नारंगी ही त्याचीच पुढची रूपं. बहुतेक रील्स इथे थांबतात. 'ऑरेंज हा मूळचा संस्कृत शब्द', एवढं म्हणून भगवा झेंडा किंवा हात जोडल्याचा इमोजी टाकतात. पण इथे थांबलं तर शब्दाचा पहिला टप्पाच सुटतो.

मांगा, तेंगा, नारंगा

केरळी हॉटेलात 'नारंगा वेळ्ळम' मागितलं तर टेबलावर येतं लिंबाचं सरबत. मल्याळममध्ये 'नारंगा' म्हणजे लिंबू. आता या भाषेतली आणखी दोन फळं घ्या. आंबा म्हणजे 'मांगा', नारळ म्हणजे 'तेंगा'. मांगा, तेंगा, नारंगा. तिन्हींचा शेवट सारखा आहे, हे कानाला लगेच कळतं.

हा योगायोग नाही. शेजारच्या तमिळमध्ये कच्च्या फळाला 'काय' म्हणतात. कैरी 'मांगाय', नारळ 'तेंगाय'. तमिळमधला हाच 'काय' मल्याळममध्ये घासून 'ङ्गा' झालाय. म्हणजे नारंगा या शब्दात मागे 'फळ' आहे आणि पुढे 'नार'. हा 'नार' सुगंधाशी नातं सांगणाऱ्या जुन्या द्राविडी धातूवरून आला असावा, असं मानलं जातं. तसं असेल तर अर्थ सरळ लागतो, सुवासाचं फळ. संत्र्याची साल सोलताना खोलीभर पसरणारा वास ज्याला ठाऊक आहे त्याला तो पटायला हरकत नाही. तमिळमध्ये 'नारत्तंगाय' नावाचं याच कुळातलं एक मोठं आंबट फळ आजही आहे. त्याचं खारवलेलं लोणचं तिकडच्या घरोघरी असतं. तेलुगूत संत्र्याला 'नारिंज' म्हणतात.

द्राविडी भाषांमध्ये या शब्दाचे असे अर्थपूर्ण तुकडे पडतात, त्याची भावंडं सापडतात. संस्कृतमध्ये ती सापडत नाहीत, आणि म्हणूनच तिथे हत्ती शिरायला जागा मिळाली. या कारणाने बहुतेक भाषाशास्त्रज्ञ संस्कृतमधला 'नारंग' दक्षिणेकडच्या भाषांतून घेतलेला मानतात. प्राचीन शब्दांच्या बाबतीत शंभर टक्के खात्री कुणीच देत नाही. पण आजवरचा पुरावा त्या बाजूला झुकलेला आहे.

यात संस्कृतचा कमीपणा कसला? संस्कृतने तो शब्द घेतला नसता, ग्रंथांत लिहिला नसता, तर तो पश्चिमेकडे गेला असता का, हा प्रश्नच आहे. कमेंट्समधल्या भांडणात दोन्ही बाजू एकाच साखळीच्या दोन कड्या ओढत असतात.

फळाचं जन्मस्थान मात्र याहून वेगळं आहे. संत्री, लिंबं, पपनस या सगळ्या कुळाच्या जनुकांचा अभ्यास करणारं मोठं संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार हे कूळ मूळचं हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचं, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनचा युन्नान प्रांत या पट्ट्यातलं. फळ एकीकडचं आणि नाव दुसरीकडचं, असा हा प्रकार आहे.

जहाजात चढलेलं झाड

संस्कृतमधून हा शब्द फारसीत गेला आणि 'नारंग' झाला. फारसीतून अरबीत गेला तेव्हा शेवटच्या 'ग'चा 'ज' होऊन 'नारंज' झाला. जुन्या अरबीत 'ग' हा ध्वनी नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्या 'ग'ची तिथे अशीच सोय लावली जाते.

या टप्प्याला चक्क लेखी साक्ष आहे. 10व्या शतकातला अरब इतिहासकार अल-मसुदी याने लिहून ठेवलंय की नारंजाचं झाड हिजरी सन 300 नंतर, म्हणजे आपल्या कालगणनेनुसार साधारण इसवी सन 912 नंतर, भारतातून आणलं गेलं. ते आधी ओमानमध्ये लावलं, तिथून बसरा, मग इराक आणि सीरिया. नकाशावर बोट फिरवलं तर हा सरळसरळ अरबी समुद्रातल्या व्यापाराचा मार्ग आहे. शब्द पुस्तकातून गेला नाही. तो रोपाबरोबर जहाजात चढला आणि बंदरात उतरला.

अरबांनी पुढे हे झाड सिसिली बेटावर आणि स्पेनमध्ये नेलं. स्पेनमधल्या सेव्हिलची संत्री आजही प्रसिद्ध आहेत आणि मार्मालेडसाठी तीच लागतात. ती कडवट-आंबट असतात, सोलून खाण्याजोगी नाहीत. युरोपने पहिलं 'नारंज' चाखलं ते हे. आपण ज्याला आज ऑरेंज म्हणतो ते गोड फळ तिथे पोहोचायला अजून काहीशे वर्षं लागणार होती.

अखेर 'न' गळाला

स्पॅनिशमध्ये हा शब्द 'नारांहा' झाला. न शाबूत. ग्रीकमध्ये 'नेरांझी', हंगेरियनमध्ये 'नॉरंच', तिथेही न आहे. पोर्तुगीजमध्ये मात्र 'लारांजा', न चा ल झाला.

हा बदल मराठी माणसाला परका नाही. हिंदीत नींबू, मराठीत लिंबू. हिंदीत नीम, मराठीत कडुलिंब. संस्कृतमधलं नवनीत मराठीत येऊन लोणी झालं. एकाच शब्दात नाकातून उच्चारायचे दोन ध्वनी जवळजवळ आले की जीभ कंटाळते आणि पहिल्याचा ल करून टाकते. लिस्बनमध्ये जे झालं तेच लातूरमध्येही झालं.

इटलीत आणि फ्रान्समध्ये मात्र न पार गायबच झाला. का, ते समजून घ्यायला 'दोन नारिंगं' हे शब्द भरभर दहा वेळा म्हणून पाहा. 'दोन'मधला शेवटचा न आणि 'नारिंगं'मधला पहिला न एकमेकांत मिसळतात. ज्याने नारिंग हा शब्द आधी ऐकलेलाच नाही, त्याला 'दोन आरिंगं' असं ऐकू येणं अगदी शक्य आहे.

इटालियनमध्ये 'एक' साठी 'उना', फ्रेंचमध्ये 'उन' असा शब्द नामाच्या आधी लागतो. दोन्हींत न आहे. 'उना नरांचा' ऐकणाऱ्याला वाटलं, 'उन अरांचा'. फळ नवं, शब्द नवा, दुरुस्त कोण करणार? इटालियनमध्ये 'अरांचा' हेच रूप रूढ झालं.

फ्रेंचांनी त्यात आणखी एक भर घातली. सुरुवातीच्या 'अ'चा 'ओ' केला. फ्रेंचमध्ये सोन्याला 'ओर' म्हणतात आणि फळ तर सोन्यासारखं पिवळं. कानाला जुळलं, डोळ्याला पटलं. लॅटिन लिहिणाऱ्या विद्वानांनीही सोन्याच्या 'ऑरुम' या शब्दाला जुळवून फळाला 'ऑरान्शियम' केलं. कडवट संत्र्याच्या शास्त्रीय नावात ते आजही आहे. म्हणजे भारतात हत्ती घुसला, तर युरोपात सोनं. लोकव्युत्पत्ती दोन्हीकडे आपलं काम करून गेली.

आता तिसरं फॉरवर्ड: 'इंग्रज आधी ए नॉरेंज म्हणायचे, चुकून ॲन ऑरेंज झालं.' हे ऐकायला बिनतोड वाटतं, पण न इंग्रजांनी गाळलेला नाही. त्यांच्या हातात शब्द आला तो फ्रेंचांकडून, न आधीच गळालेला.

अर्थात इंग्रज या बाबतीत अगदीच निर्दोष नाहीत. 'एप्रन' हा शब्द पूर्वी 'नेप्रन' होता, नॅपकिनचा भाऊ. त्यातला न आधीच्या 'ए'ला जाऊन चिकटला आणि 'ॲन एप्रन' झालं. क्रिकेटवेड्यांसाठी त्याहून भारी उदाहरण म्हणजे अंपायर. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे जोडीत नसलेला, विषम. दोन पक्षांत भांडण झालं की निवाडा करायला लागणारा तिसरा माणूस. इंग्रजीत त्याचं 'नूम्पेर' झालं आणि मग त्याचाही न पळवला गेला. 'निकनेम'मध्ये उलटं घडलं. मूळ शब्द 'एकनेम', म्हणजे जादाचं नाव. 'ॲन'मधला न तिथे पुढच्या शब्दाने ढापला.

ऑरेंज नावाच्या गावाचा यात काय संबंध?

फ्रान्सच्या दक्षिणेला आव्हिन्यॉंजवळ ऑरेंज नावाचं गाव आहे. रोमन काळातलं त्याचं नाव 'अराउसिओ', तेव्हा युरोपात या फळाचा पत्ताही नव्हता. म्हणजे गावाचं नाव फळावरून नाही आणि फळाचं गावावरून नाही. नाव बदलत बदलत फळाच्या नावाजवळ आलं आणि दोन्ही एकसारखी झाली. फळाच्या नावातल्या 'ओ'ला या गावाच्या नावानेही हातभार लावला असावा, असं काही अभ्यासक म्हणतात.

1544 मध्ये या छोट्या संस्थानाचा वारसा नासाऊ घराण्यातल्या विल्यमकडे आला. तोच पुढे नेदरलँड्सच्या स्वातंत्र्यलढ्याचा नायक झाला. डच राजघराण्याचं 'ऑरेंज' हे नाव तिथून आलं आणि डच फुटबॉल संघाची नारिंगी जर्सीही. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीला याच घराण्याचं नाव दिलेलं आहे. तिच्या पाण्याच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. 'डच शेतकऱ्यांनी राजाच्या सन्मानार्थ गाजरं नारिंगी केली' हेही जोरात फिरतं. गाजराच्या नारिंगी जाती तिथे वाढवल्या गेल्या हे खरं, राजाच्या सन्मानाची गोष्ट मात्र त्या काळच्या कागदपत्रांत सापडत नाही.

पोर्तुगाल नावाचं फळ

15व्या शतकाच्या अखेरीस आणि 16व्या शतकात गोड संत्री युरोपात पसरली. त्यांच्या व्यापारात पोर्तुगीज आघाडीवर होते. मग एक उलटाच खेळ झाला. ज्या अरबांनी 'नारंज' हा शब्द युरोपला दिला, त्यांनी या गोड फळाला नाव दिलं 'बुर्तुकाल', म्हणजे पोर्तुगाल! तुर्कीत ते 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली', फारसीत 'पोर्तेगाल'. जुना शब्द कडवट फळाकडे राहिला. डच मात्र गोड संत्र्याला 'चीनचं सफरचंद' अशा अर्थाच्या नावाने हाक मारतात. माल कुठून आला असं गिऱ्हाइकाला वाटलं, ते नाव पडलं.

आपणही वेगळं काय केलं? मोसंबी हे नाव आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोझांबिकवरून आलेलं. पोर्तुगीज जहाजांचा भारताकडे येतानाचा तो मोठा थांबा होता.

आणि संत्रं? लिस्बनजवळ सिंत्रा नावाचं गाव आहे, त्यावरून हा शब्द आला, असं बऱ्याच ठिकाणी ठामपणे लिहिलेलं असतं. अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा गाजलेला कोश 1886 मध्ये निघाला, त्यातही ही शक्यता नोंदवली आहे. पण एक अडचण आहे. बाबराने हिंदुस्थानातल्या फळांचं वर्णन करताना 'संगतरा' लिहिलाय आणि बाबर वारला 1530 मध्ये. वास्को द गामा कालिकतला आला 1498 मध्ये, गोवा पोर्तुगीजांकडे गेला 1510 मध्ये. पुढच्या वीस वर्षांत पोर्तुगालमधल्या एका गावाचं नाव उत्तर हिंदुस्थानात इतकं रुळलं असेल का? त्यामुळे सिंत्राची गोष्ट रीलमध्ये टाकायची असेल तर 'असं म्हणतात' एवढं तरी जोडावं.

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नागपूर 'ऑरेंज सिटी' म्हणून मिरवतं, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हे सैल सालीचं फळ 'मँडरिन' प्रकारात मोडतं. काटेकोर बोलायचं तर गोड 'ऑरेंज'च्या जास्त जवळ आहे ती आपली मोसंबी. विदर्भात हे वाक्य जपून बोलावं. एकाच शब्दाने केरळात लिंबू, तमिळनाडूत लोणच्याचं फळ, सेव्हिलमध्ये मार्मालेड आणि इराणमध्ये छोटं गोड 'नारंगी' दाखवलं जातं. तेव्हा नागपूरने थोडी सूट घेतली तर बिघडलं कुठे?

तमिळनाडूतल्या बाजारात आज गोड संत्र्याला 'आरंजु' म्हणतात. इंग्रजी ऑरेंजचंच ते तमिळ रूप, न नसलेलं. न असलेलं नारत्तंगाय त्याच घरात, लोणच्याच्या बरणीत आहे. दहीभाताबरोबर पानात वाढलं जातं.